ब्रिटनच्या भत्त्यांवर आणि पेन्शनवर लक्ष कोण ठेवतं?

ब्रिटनच्या एका सरकारी खात्याच्या हिशेबावर लेखापरीक्षकाने १९८८-८९ पासून एकदाही शेरा न मारता सही केलेली नाही. सरकारं बदलली, खात्याचं नाव बदललं, सही करणारे बदलले; शेरा मात्र दरसाल येतोच. खाजगी कंपनीच्या ताळेबंदावर लागोपाठ दोन वर्षं असा शेरा पडला तर बँका तिला दारात उभं करणार नाहीत. आणि हे खातं काही किरकोळ नाही. म्हातारपणाचं पेन्शन, बेरोजगारांचा भत्ता, अपंगांची मदत, नोकरी शोधून देणारी जॉबसेंटरं, सगळं याच्याकडे. नाव डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स, बोलण्यात डीडब्ल्यूपी.

मग लेखापरीक्षण हवंय कशाला, असं कुणालाही वाटेल. थोडं खोलात गेलं की दिसतं, या खात्याकडे पाहणारे डोळे तिथे भरपूर आहेत. लेखापरीक्षक आहे, संसदेच्या दोन समित्या आहेत, सल्लागार मंडळ आहे, लोकपाल आहे, न्यायाधिकरण आहे. यांतल्या जवळजवळ सगळ्यांना पाहता येतं आणि बोलता येतं. ‘हे असं करा’ असं बजावून खात्याकडून करून घेता येतं ते मात्र एखाद्यालाच. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचा गुंता बराच सुटतो.

शेरा म्हणजे काय, तेवढं आधी पाहू. लेखापरीक्षक दोन गोष्टींची ग्वाही देतो. एक, लिहिलेले आकडे खरे आहेत. दुसरी, संसदेने पैसा ज्या कामासाठी आणि ज्या कायद्याखाली मंजूर केला, तसाच तो खर्च झाला. डीडब्ल्यूपीचं पहिल्या ग्वाहीवर अडत नाही. दहा पौंड दिले असतील तर वहीत दहाच असतात. अडतं दुसरीवर. ज्याला कायद्याने सहाच पौंड मिळायचे त्याला दहा गेले, तर वरचे चार संसदेने मंजूर केलेलेच नव्हते. असे ‘वरचे चार’ २०२३-२४ मध्ये सुमारे ९.७ अब्ज पौंड झाले. शंभर पौंड वाटले तर त्यांतले ३.७ जायला नको होते.

फसवणारा माणूस काही येऊन सांगत नाही, मग हा आकडा येतो कुठून? चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काही हजार प्रकरणं दरवर्षी निवडली जातात आणि ती मुळापासून तपासली जातात. बँकेची खाती, पगाराच्या पावत्या, घरभाडं, घरात आणखी कोण राहतं, सगळं. त्यावरून पूर्ण देशाचा अंदाज बांधतात आणि चुकांचे तीन ढीग करतात: फसवणूक, अर्जदाराची चूक, खात्याची चूक. पहिल्या दोन ढिगांमधली रेघ फार बारीक आहे. आठवड्याचे चार तास वाढले आणि ते कळवायचं राहिलं, तर तो विसरभोळेपणा की लबाडी? ते ठरवणार तपासणारा. त्यामुळे ‘फसवणूक इतकी वाढली’ असा मथळा दिसला की मी तरी आधी हा ढीग कुणी लावला ते पाहतो.

या पद्धतीला एक भोकही आहे. नमुना काढायचा तो ज्यांना पैसे मिळताहेत त्यांच्यातून. ज्याने हक्क असून अर्जच केला नाही, तो त्या चिठ्ठ्यांत नसतोच.

स्टॅम्प भरणारे आणि पेन्शन घेणारे

पेन्शनचा पैसा येतो नॅशनल इन्शुरन्समधून. १९११ च्या कायद्याने लॉइड जॉर्ज यांनी ही पद्धत सुरू केली आणि बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालानंतर ५ जुलै १९४८ पासून ती जवळजवळ सगळ्या नोकरदारांना लागू झाली. पूर्वी प्रत्येक कामगाराचं कार्ड असे आणि मालक त्यावर दर आठवड्याला तिकीट चिकटवी. कार्ड कधीच गेलं, पण जुनी माणसं अजून ‘मी माझा स्टॅम्प भरलाय’ असंच म्हणतात. आज कापणी पगारातूनच होते. २०२४ च्या एप्रिलपासून वर्षाच्या १२,५७० ते ५०,२७० पौंडांच्या टप्प्यावर नोकरदाराकडून ८ टक्के आणि त्यावरच्या कमाईवर २ टक्के. मालकाचा वाटा २०२५ च्या एप्रिलपासून १५ टक्के.

‘इन्शुरन्स’ या शब्दाने फसायला होतं. आपल्या पीएफसारखं तुमच्या नावाचं खातं इथे नसतं, व्याज जमत नाही, मध्येच काढायची सोय नाही. आज कामावर असणाऱ्यांची वर्गणी नॅशनल इन्शुरन्स फंडात जाते आणि तिथून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळतं. तुमच्या नावावर जमा होतात ती वर्षं. २०१६ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या पेन्शनसाठी पूर्ण रकमेला साधारण ३५ वर्षं लागतात आणि दहापेक्षा कमी असतील तर काहीच नाही. फंडात किती शिल्लक आहे आणि पुढे पुरेल का, हे सरकारी विमागणिती दरवर्षी संसदेला लिहून देतो. वर्षाच्या खर्चाच्या एक षष्ठांशाच्या खाली शिल्लक जाऊ नये असा त्याचा दंडक आहे. जाईलसं दिसलं तर तिजोरीतून भर घालतात.

आता एक विचित्र वाटणी पाहा. वर्गणी गोळा करतं करखातं, म्हणजे एचएमआरसी. पेन्शन वाटतं डीडब्ल्यूपी. तुमची वर्षं करखात्याच्या नोंदीत, तुमचा अर्ज पेन्शनखात्याच्या टेबलावर. दोन खात्यांच्या मधल्या फटीत काय पडू शकतं, त्याचा एकच नमुना सांगतो. १९७८ पासून २०१० पर्यंत, मुलं वाढवायला घरी राहिलेल्या आयांची वर्षं पेन्शनसाठी धरण्याची सोय होती. त्या चाइल्ड बेनिफिट घेतात, यावरून ती वर्षं आपोआप नोंदली जायची. पण मे २००० पूर्वी चाइल्ड बेनिफिटच्या अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर द्यायचं बंधन नव्हतं. ज्यांनी तो लिहिला नाही त्यांचा भत्ता आला, मुलं मोठी झाली, आणि ती वर्षं मात्र कोऱ्या पानासारखी राहिली. हे बाहेर आलं तेव्हा त्यांतल्या अनेकजणी पेन्शनच्या वयाला पोचून वर्षं झाली होती.

याहून मोठं प्रकरण नवऱ्याच्या नोंदीवर पेन्शन घेणाऱ्या बायकांचं. जुन्या नियमाने विवाहितेला नवऱ्याच्या मूळ पेन्शनच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. नवरा १७ मार्च २००८ नंतर निवृत्त झाला तर ही वाढ आपोआप लागायची. त्याआधी झाला असेल तर तिने स्वतः अर्ज करायचा. ‘आपोआप’ म्हणजे प्रत्यक्षात कुणीतरी कारकुनाने जुन्या संगणकावरची सूचना पाहून हाताने बदल करायचा. तो अनेकदा झालाच नाही. विधवांच्या बाबतीत तेच, ऐंशी ओलांडलेल्यांच्या बाबतीतही तेच. लेखापरीक्षकांच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालातला अंदाज: १,३४,००० लोकांचे मिळून एक अब्ज पौंडांहून जास्त थकले होते, सरासरी माणशी ८,९०० च्या आसपास. चुका मागे १९८५ पर्यंत जात होत्या.

आता सुरुवातीच्या शेऱ्याकडे परत या. त्या शेऱ्यातून एक गोष्ट दरवर्षी वगळलेली असे: सरकारी पेन्शन. कारण तिथे चुकीचं प्रमाण अगदी नगण्य दिसायचं. पेन्शनचा एकूण खर्चच इतका अवाढव्य की त्यात एक अब्जही खसखशीएवढं. टक्केवारीला ही बाई दिसत नाही. दिसली कुणाला, तर २०१० ते २०१५ मध्ये पेन्शनमंत्री राहिलेल्या स्टीव्ह वेब यांना, तेही मंत्रिपद गेल्यावर. ते वाचकांच्या पेन्शनविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर लिहीत होते. एक पत्र आलं, मग तसलीच आणखी आली, आणि त्यांनी पिच्छा सोडला नाही. सगळी पाहणारी यंत्रणा जागेवर होती, आणि सापडलं ते पत्रांच्या गठ्ठ्यात.

लेखापरीक्षक आणि लोकलेखा समिती

तरीही लेखापरीक्षकाला कमी लेखू नये. कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल हे पद १८६६ च्या कायद्याचं आणि त्याच्या हाताखालचं नॅशनल ऑडिट ऑफिस १९८३ चं. आपल्या ‘कॅग’चं नाव तिथूनच आलेलं आहे. हा अधिकारी सरकारचा नोकर नव्हे, कॉमन्स सभागृहाचा अधिकारी. एकदाच दहा वर्षांसाठी नेमणूक, आणि काढायचं झालं तर दोन्ही सभागृहांनी मिळून. २०१९ पासून त्या पदावर गॅरेथ डेव्हिस आहेत. खात्यातला कुठलाही कागद तो मागू शकतो.

एक मर्यादा मात्र कायद्यातच लिहिलेली आहे. धोरण बरोबर की चूक, यावर त्याने बोलायचं नाही. भत्ता पाच आठवडे उशिरा सुरू करावा का, हा प्रश्न त्याचा नव्हे. तो उशीर ठरल्याप्रमाणे पाचच आठवड्यांचा राहतो की त्याचे आठ होतात, आणि त्यावर खर्च किती होतो, हा त्याचा. वाचताना ही रेघ माहीत नसेल तर त्याचे अहवाल मुळमुळीत वाटतात. माहीत असेल तर कोरड्या वाक्यांतही बरंच सापडतं.

अहवाल प्रसिद्ध होण्याआधी त्यातली प्रत्येक वस्तुस्थिती खात्याकडून मान्य करून घेतली जाते. म्हणून २०१८ चा प्रसंग गाजला. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे सहा जुने भत्ते एकत्र करून बनवलेला नवा भत्ता, २०१३ पासून हळूहळू लागू होत गेलेला. त्यावर लेखापरीक्षकांचा कडक अहवाल आला. तेव्हाच्या मंत्री एस्थर मॅकव्हे यांनी सभागृहात सांगितलं की, योजना आणखी वेगाने राबवावी असं लेखापरीक्षकांचंच म्हणणं आहे. अहवालात असं काही नव्हतं. तेव्हाचे लेखापरीक्षक अम्यास मोर्स यांनी मंत्र्यांना उघड पत्र लिहून तसं स्पष्ट कळवलं आणि मॅकव्हे यांना सभागृहाची माफी मागावी लागली. लेखापरीक्षकाचं हत्यार ते एवढंच, लेखी शब्द. पण ते बोथट नाही.

त्याचे अहवाल जातात पब्लिक अकाउंट्स कमिटीकडे, म्हणजे लोकलेखा समितीकडे. ग्लॅडस्टन यांच्या काळात, १८६१ साली ती बसली. अध्यक्ष विरोधी पक्षाचा, हा रिवाज आपल्याकडेही आला. या समितीपुढे उत्तरं द्यायला मंत्री नव्हे, खात्याचा सर्वोच्च सचिव बसतो, कारण पैशाची जबाबदारी व्यक्तिशः त्याच्या नावावर असते. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. मंत्र्याला भाषण करता येतं. सचिवाला ‘अमुक पानावरचा आकडा असा का?’ याचं उत्तरच द्यावं लागतं. समितीच्या प्रत्येक शिफारशीवर सरकार मान्य की अमान्य ते लेखी कळवतं. मान्य केलेलं प्रत्यक्षात झालं का, हे बघायला मात्र पुन्हा दुसरी चौकशी लागते.

शिवाय वर्क अँड पेन्शन्स ही खात्यापुरती वेगळी समिती आहे, धोरणावर बोलायची तिला मुभा आहे. आणि १९८० पासूनचं एक सल्लागार मंडळ नियमांचे मसुदे आधी वाचतं. सरकारला त्याचं ऐकायचं बंधन नाही, फक्त त्याचा अहवाल छापून का ऐकलं नाही तेवढं सांगावं लागतं. स्कॉटलंडमध्ये काही भत्ते आता तिथलंच सरकार देतं आणि उत्तर आयर्लंडचं खातं तर पहिल्यापासून वेगळं, त्यामुळे तिथली पाहणी त्यांची त्यांची.

जॉबसेंटरचा हिशेब

नोकरी शोधून देणारी सरकारी कार्यालयं १ फेब्रुवारी १९१० ला उघडली. तेव्हा तो विषय तरुण विन्स्टन चर्चिल यांच्याकडे होता. आजचं जॉबसेंटर दोन कामं एकाच टेबलावरून करतं: कामाला लावायचं, आणि काम शोधत नसेल तर भत्ता कापायचा. समोरचा माणूस मदतनीस आहे की पहारेकरी, हे भत्ता घेणाऱ्याला शेवटपर्यंत नीट कळत नाही.

दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांचं काम सरकार अनेकदा ठेकेदारांना देतं. २०११ च्या वर्क प्रोग्रॅममध्ये अट होती, माणूस नोकरीत टिकला तरच पूर्ण पैसे. ऐकायला चोख. लोकलेखा समितीने पहिल्या चौदा महिन्यांचा हिशेब मागितला तेव्हा टिकाऊ नोकरीत पोचले होते शंभरात ३.६, अपेक्षा होती ११.९ ची. आणि एक जुनी खोड पुन्हा दिसली: जे तसेही कामाला लागले असते त्यांची साय काढून घ्यायची, आणि आजारी, भाषा न येणाऱ्या, वर्षानुवर्षं घरी बसलेल्या माणसांना खुर्चीवर बसवून ठेवायचं. ज्याचे पैसे मिळतात तेच मोजलं जातं, आणि मोजलं जातं तेच होतं.

लोकपाल आणि न्यायाधिकरण

समजा खात्याने तुमच्याशी नीट वागणूक केली नाही. तर लोकपालाकडे जाता येतं, पण थेट नाही. तुमच्या खासदाराने तक्रार पुढे पाठवावी लागते. ही अट १९६७ पासूनची. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायकांचं प्रकरण याच वाटेने गेलं. १९९५ च्या कायद्याने त्यांचं पेन्शनचं वय ६० वरून ६५ करायचं ठरलं, पुढे २०११ मध्ये वेळापत्रक आणखी घाईचं झालं, पण अनेकींना हे वेळेत कळलंच नाही. लोकपालाने पाहिलं, तेव्हा पत्रं पाठवायला २८ महिने उशीर झाल्याचा निष्कर्ष निघाला. मार्च २०२४ मध्ये त्याने प्रत्येकीला १,००० ते २,९५० पौंड भरपाई सुचवली आणि खातं ऐकेल असं दिसत नाही म्हणून विषय थेट संसदेपुढे ठेवला. डिसेंबरात सरकारने चूक कबूल केली, माफी मागितली आणि भरपाईला नकार दिला. लोकपालाच्या हातात पुढे काही उरलं नव्हतं.

भाग पाडू शकतं ते न्यायाधिकरण, आणि त्यावरची न्यायालयं. भत्ता नाकारला तर आधी खात्यालाच फेरविचार करायला सांगावं लागतं, मग अपील. फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही. अपंगांच्या भत्त्याच्या प्रकरणात न्यायाधीशाबरोबर एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेला एक सदस्य बसतो. तिथे सुनावणीपर्यंत पोचलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक वर्षानुवर्षं जिंकत आलेत. गोची अशी की पहिल्या पायरीवरचा निकाल त्या एका माणसापुरताच. शेजारच्या गल्लीत तीच चूक झाली असेल तर तिथल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

वरच्या न्यायालयात मात्र नियमच हलू शकतो. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्यामहिन्याने मोजतात. समजा एका आईचा हा मोजणीचा महिना ३० तारखेला सुरू होऊन पुढच्या २९ ला संपतो, आणि तिचा पगार ३० ला होतो. एकदा ३० ला रविवार आला, मालकाने शुक्रवारी, २८ लाच पगार टाकला. झालं, संगणकाला एका महिन्यात दोन पगार दिसले आणि पुढच्यात एकही नाही. मुलं असलेल्यांच्या कमाईतले पहिले काही पौंड माफ असतात. तेव्हा ते दोनशेच्या आसपास होते आणि वरच्या प्रत्येक पौंडामागे ६३ पेन्स कापले जायचे. दोन पगारांना माफी एकदाच मिळाली, आणि बिनपगाराच्या महिन्यातली माफी वाया गेली. एका फटक्याला सव्वाशे पौंडांच्या आसपास गेले. शनिवार-रविवार वर्षातून अनेकदा महिनाअखेरीला येतात. बाईने काही लपवलं नव्हतं, एक तासही जास्त काम केलं नव्हतं.

चार एकट्या आया न्यायालयात गेल्या. संगणक बदलणं खर्चाचं आहे आणि कुठेतरी रेघ ओढावीच लागते, असं खात्याचं म्हणणं. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की, यावर तोडगा न काढणं हे विवेकाला धरून नाही. हा शब्द न्यायालयं सरकारविरुद्ध सहजासहजी वापरत नाहीत. नोव्हेंबरात नियम बदलला. पाहणाऱ्या सगळ्यांना जे जमलं नव्हतं ते इथे झालं, पण त्याला चार बायका आणि काही वर्षं लागली.

आणि जिथे कुणी न्यायालयात जाऊन नियम पाडत नाही, तिथे काय होतं ते केअरर्स अलाउन्समध्ये दिसतं. घरच्या आजारी माणसाची आठवड्याला निदान ३५ तास देखभाल करणाऱ्याला हा भत्ता मिळतो. २०२४-२५ मध्ये तो आठवड्याला ८१.९० पौंड होता. जोडीला नोकरी केली तरी चाले, पण कमाई १५१ पौंडांच्या आत हवी. १५२ झाले तर एक पौंड कापत नाहीत, त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. वर्षभर दर आठवड्याला एकेक पौंड वर गेला तर परत करायचे ४,२५८.८० पौंड.

गंमत म्हणावी की काय म्हणावं, खात्याला हे कळत होतं. करखात्याच्या पगारनोंदींवरून अशा प्रत्येक प्रकरणाचा इशारा संगणकावर येत होता. सगळे इशारे पाहायला माणसं नव्हती, जवळपास अर्धेच पाहिले जात. उरलेल्यांचं कर्ज आठवड्याआठवड्याने वाढत राही आणि त्यांना ते कळायचं एकदम, हजारोंच्या मागणीच्या पत्राने. लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये यावर अहवाल दिला. संसदेच्या समितीनेही त्याच वर्षी सांगितलं. २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी एकेका घराची कहाणी छापली तेव्हा लेखापरीक्षकांनी पुन्हा तेच तपासलं आणि सरकारने स्वतंत्र चौकशी नेमली.

एप्रिल २०२५ पासून कमाईची मर्यादा १९६ पौंड झाली, म्हणजे किमान वेतनाचे सोळा तास, आणि यापुढे वेतन वाढेल तशी ती वाढेल. मर्यादेच्या वर एक पौंड जरी गेला तरी त्या आठवड्याचा भत्ता मात्र अजूनही शून्यच.